पाण्याची अडचण

महायुद्ध संपल्यावर, शेहेचाळीस साली, माझ्या वडिलांनी पुण्यात ‘शेजार’ नावाचं मासिक काढलं. त्यात एक सदर असायचं. एकच तरुण भाड्याची खोली बघायला दारोदार जायचा, प्रत्येक दारी वेगळं आडनाव सांगायचा, आणि घरमालक काय बोलले ते शब्दन् शब्द छापून यायचं. लग्नानंतर सिल्वासात आमच्याकडे कुणी आलं की मी ते वाचून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे, आणि सगळ्यांत जास्त मी.

माझे यजमान अशोक गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून येणारं-जाणारं कुणी नाही. तीन खोल्या आणि मी. मी टीव्हीशी भांडते, आता तोही माझं ऐकेनासा झालाय. शेवटी ठरवलं, एक खोली भाड्यानं द्यायची. संध्याकाळी कुणीतरी दार तरी वाजवेल.

चंदा आली. गलोंड्याच्या औषध कारखान्यात लॅबमध्ये कामाला, गाव नवापूरकडचं. कपाटातले जुने अंक पाहून म्हणाली, “मावशी, मला वाचायला द्याल ना?” इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मनातल्या मनात मी दोघींचा स्वयंपाकसुद्धा करून टाकला. मग आडनाव विचारलं.

“वळवी.”

वळवी म्हणजे भिल्ल, एवढं मला कळतं. आणि मेलं तोंडातून निघूनच गेलं, “पाण्याची फार अडचण आहे गं आमच्याकडे.” तिनं हातातलं पाणी संपवलं, ग्लास ठेवला आणि गेली.

रविवारी वेळ जाईना म्हणून अंक काढून बसले. शुक्रवार पेठेतल्या एका बाईंचं उत्तर होतं: ‘खोली आहे हो, पण पाण्याची फार अडचण.’ हे मी शंभरदा वाचून दाखवलंय, आवाज काढून. या वेळी लाज वाटली, नुसती लाज.

मी फोन लावला. चंदा राखोलीला राहायला गेली होती, एका खोलीत पाच जणी.

“खोटं बोलले गं मी,” मी म्हटलं. “पाणी भरपूर आहे. तुझं आडनाव ऐकून बोलले, चुकलं माझं. तू ये. घर खायला उठतं मला.”

ती शांतपणे म्हणाली, “मावशी, आता तुम्हाला सोबत हवीय म्हणून बोलावताय. मला खोली हवी होती, तेव्हा नाही बोलावलंत.”

“हो,” मी म्हणाले.

“वेळेवर जेवत जा,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.