मधल्या फळीवरचा मासा

नंदकुमारांचा हिशेब साधा होता. जयंतीला सांगून आलेला मुलगा बँकेत, पार्ल्यात स्वतःची जागा, घरात आई तेवढी. लेक तिथे पडली की सांताक्रूझच्या कचेरीत यांचं प्रत्येक वाक्य 'आमचे व्याही'पासून सुरू होणार. खर्च काय, तर पोहे. आणि दाखवायला मासा.

मासा त्यांच्या बायकोच्या, वसुधाताईंच्या, भावाने बोटीवरून आणलेला. उत्तरेकडच्या गार समुद्रात तळाशी सरपटणारा, वीतभर, वाळून लाकूड झालेला. अंगभर हाडांच्या पट्ट्या, नाकाखाली मिशा, आत मांस नावालाच. नंदकुमारांना तो बघताक्षणी आवडला. साम्यच तेवढं होतं. अंधेरीच्या दोन खोल्यांत त्याला शोकेसची मधली फळी मिळाली. सासूबाईंचा फोटो खाली गेला.

श्रावणात राधाबाई मुलाला, चंद्रप्रकाशला, घेऊन मुलगी बघायला यायच्या होत्या. त्या दिवशी सकाळीच वसुधाताई म्हणाल्या, "अहो, हवा दमट आहे, त्याला वास येतोय. आजच्यापुरता माळ्यावर टाका ना."

"तुला काय कळतं? चिलखत आहे त्याला! वास बाहेर येईल कुठून?"

पाहुणे टेकतात न टेकतात तोच त्यांनी शोकेसची काच सरकवली, आतला दिवा लावला. "अस्सल आहे बरं का! वास म्हणून नाही."

कोपऱ्यात जयंती नि चंद्रप्रकाश कशावरून तरी हसत होती. जमलंच होतं म्हणा ना. पण दिव्याखाली मासा तापला, आणि पोहे येईपर्यंत खोलीत सुक्या मासळीच्या बाजाराचा दरवळ सुटला. राधाबाईंनी बशी खाली ठेवली.

"तुमच्याकडे श्रावणात मासळी होते?"

'मासा खराब झालाय हो,' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग मघाचा शब्द खोटा पडला असता.

"काय सांगायचं!" नंदकुमार हसले. "आमच्या हिला राहवत नाही. सकाळी थोडं सुकट केलंन."

पोह्यांत कांदासुद्धा न घातलेल्या वसुधाताई दारातच थिजल्या.

"बाबा, खोटं काय बोलता? तो मासाच—"

"तू गप्प बस गं!"

राधाबाई उठल्या. "मुलगी छान आहे हो. पण वळण आईचंच येणार ना?"

तर जमाखर्च असा. नंदकुमारांचा शब्द शाबूत, मासाही मधल्या फळीवर शाबूत. जयंतीचं स्थळ गेलं. आणि वसुधाताईंचा श्रावण मोडला, तोही न खाता.