दगडातली बिनपानाची काडी

मी बोलतेय ती या दगडातली काळी काडी. वनस्पती म्हणा, झाड म्हणालात तर मलाच संकोच वाटेल. मला पान नाही, फूल नाही, धड मूळही नाही. पण जमिनीवर उभं राहून अंगातल्या नळीतून पाणी वर चढवायला जे शिकले, त्या पहिल्यावहिल्यांतली मी. आमचं कुळ केव्हाच बुडालं. मी चिखलात आडवी झाले ती चाळीस कोटी वर्षं निवांत पडून होते. गेले चार दिवस झोप उडालीय ती मला साफ करणाऱ्या बाईची.

ती संग्रहालयात सुईने दगड कोरून आमच्यासारख्या जीवाश्मांना मोकळं करते. लेकीच्या पाळणाघरात कांजिण्या निघाल्या, ते बंद झालं, म्हणून तिथल्या सरांना विचारून तिने मला कापसात गुंडाळून डब्यातून घरी आणलं. "माझं एक काम धड होईल तर शपथ," असं ती सुईशीच पुटपुटायची.

खोडाच्या बाजूला चिकटलेल्या बीजाणूंच्या पिशव्या, हीच आमच्या कुळाची ओळख. माझ्या अंगावर एकच उरली होती, मसुराच्या डाळीहून लहान. बाई भिंगातून तिच्याभोवतीचे कण उचलत होती, तेवढ्यात दारातून जोरात हाक आली, "आई!"

सुई सरकली. पिशवीचं पीठ झालं.

"कामात असताना हाक मारायची नाही, किती वेळा सांगितलं? बघ काय केलंस."

तेव्हापासून मुलगी तहान लागली तरी नुसती बाही ओढते. "शहाणी झाली हो पोर," सासूबाई म्हणाल्या. बाई अर्ध्या ताटावरून उठली.

पिशवी गेल्याचं दुःख मला आहेच. आता मी कुणाची कोण, हे अंगावरून कळायचं नाही. पण मला हाक मारणारं माझं कुणी उरलेलं नाही, म्हणून त्या घरातली शांतता जास्त टोचली.

आज पाळणाघर उघडलं, तरी ती लेकीला घेऊनच संग्रहालयात आली. सरांनी मला भिंगाखाली धरलं.

"बाजूची पिशवी कुठाय?"

"मोडली, सर. मनगटाखाली वाळूची उशी न घेता, हात अधांतरी ठेवून काम केलं. चूक माझी."

सरांनी भिंग खाली ठेवलं. "आधीचा फोटो आहे ना? मग त्यावर भागवू. पण पुन्हा घरी न्यायचं नाही."

मी आता त्या फोटोसोबत खोक्यात राहीन. झाकण लागण्याआधी बाई लेकीसमोर उकिडवी बसली.

"ऐकलंस ना? तुझ्यामुळे नव्हतं मोडलं. मी उगाच ओरडले."

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग घरी गेल्यावर हाक मारू?"