वाळूची अक्षरं

सन छत्तीसच्या सुमारास तळेगावची जैनब पुण्याहून शिक्षिकेची परीक्षा देऊन आली आणि इंदुरीच्या शाळेत धाकट्यांचा वर्ग तिच्याकडे आला. पुण्यात तिला इटलीतल्या एका डॉक्टरीणबाईंचे विचार शिकवले होते. मूल हातांनी शिकतं, त्याची चूक त्यालाच सापडू द्यावी, मोठ्यांनी मधे पडू नये. जैनबनं ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पण मुळाक्षरं घोकता घोकता पोरं पेंगायला लागली, तेव्हा तिला ते आठवलं.

तिनं इंद्रायणीची बारीक वाळू चाळून आणली आणि पुठ्ठ्यावर खळीनं एकेक अक्षर चिकटवलं. पोरं दिवसभर त्यावरून बोटं फिरवत बसायची. पाटीला कुणी हात लावेना.

गावात कुजबुज सुरू झाली. एक दिवस वर्गातल्या झुंबरची आई रतनबाई शाळेत आली. पोरीला वाळूतच खेळायचं तर नदी काय लांब आहे, असं तिनं विचारलं. जैनबलाही आतून धाकधूक होतीच. तिनं रतनबाईला सकाळभर वर्गात बसायची विनंती केली. मात्र काही बोलायचं नाही.

झुंबर बराच वेळ पुठ्ठे चाचपत होती. मग उठली, खडू घेतला आणि दारावर लिहिलं, ‘दार’. र उलटा पडला होता.

रतनबाईनं तोंडाला पदर लावला. जैनबला त्या ‘र’कडे बघवेना. उठून तो पुसावा असं फार वाटलं, पण ती जागची हलली नाही. झुंबर मान वाकडी करून बघत राहिली. मग पुन्हा पुठ्ठ्याशी गेली, बोट फिरवलं, परत आली, तळव्यानं र पुसला आणि सरळ काढला.

“बाई, तुमी तर कायबी शिकवलं न्हाई,” रतनबाई हळूच म्हणाली.

“नाही. नुसती बसून राहिले. तेच फार जड गेलं.”

रतनबाई हसली. जरा वेळानं तिनं विचारलं, “मला शिवून बघू द्याल?”

जैनबनं ‘र’चा पुठ्ठा तिच्यापुढे ठेवला. शेणामातीत राबलेलं ते बोट खरखरीत रेघेवरून सावकाश फिरलं. झुंबर शेजारी येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी रतनबाई जावेलाही घेऊन आली. पोरांनी सरकून दोघींना जागा दिली.