न बोलण्याची अट

रविवार, १९ मार्च. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती आणि अंगणातील चटईवर नऊ हत्यारे आकारमानानुसार ओळीने मांडलेली होती. ही मांडणी माझी नव्हती, सुनेची होती. मी चार हात अंतरावर खुर्चीत बसलो होतो आणि मला बोलण्यास मनाई होती.

मनाई का, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या घरी एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे : जो मोटारसायकल चालवेल, त्याने तिचे इंजिन-तेल आणि फिल्टर स्वतःच्या हाताने बदलावे. तंत्रविद्यालयाची पदविका घेऊन मी कारखान्यात लागलो, तेथील देखभाल विभाग सांभाळला, आणि ही गाडी घेतल्यापासून तिच्या तेलाला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र माझे मनगट मोडले. हाड जुळले, पण पाना आवळण्याची ताकद परत आली नाही. मुलाला गाडीची आवड नाही. तो म्हणाला, "विकून टाकू. कोपऱ्यावरचे औषधदुकानदार केव्हापासून मागे लागलेत." त्यावर सून म्हणाली, "मला हवी आहे."

तिला ती खरोखरच हवी होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेणे, त्यांना पुन्हा पायांवर उभे करणे, हा तिचा व्यवसाय. त्यांतले बरेचसे रुग्ण टेकडीपलीकडच्या वस्तीत राहतात आणि तिथे जाणारी बस नुकतीच बंद झाली होती. गाडी नसेल तर ते रुग्ण सोडावे लागणार होते, आणि हे त्यांना सांगण्याचे धैर्य तिला अजून झालेले नव्हते.

चालवायला ती केव्हाच शिकली होती. पण मुलाने माझाच नियम माझ्यापुढे ठेवला. "चालवणं वेगळं, सांभाळणं वेगळं. तिनं एकटीनं तेल-फिल्टर बदललं तर गाडी तिची. बाबांनी तोंड उघडायचं नाही. एक शब्द जरी बोलले, तरी साडेदहाला दुकानदार गाडी घेऊन जातील."

"ह्याला गप्प बसवणार?" माझी थोरली बहीण हसू लागली. पंच म्हणून तिला मुद्दाम बोलावले होते. "अरे, हा पाळण्यात होता तेव्हा झोका कसा द्यायचा ते आईला शिकवायचा!"

सुनेने काम सुरू केले. प्रथम तिने इंजिन थोडा वेळ चालवून कोमट केले, कारण थंड तेल तळाशी गाळ सोडून येते. मग गाडी दुहेरी स्टँडवर सरळ उभी केली, खाली ट्रे सरकवला आणि तळाचा बोल्ट सैल केला. शेवटचे आटे तिने बोटांनी फिरवले आणि बोल्ट असा झटकन बाजूला घेतला, की काळ्याभोर तेलाची धार ट्रेमध्ये पडली आणि तिचे मनगट कोरडे राहिले. मी सरसावून बसलो.

"श्वास सोड रे," बहीण म्हणाली. "सदऱ्याचं बटण तुटेल."

काढलेला प्रत्येक भाग ती एका मोठ्या कागदावर ठेवी आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढी. ही पद्धत मी तंत्रविद्यालयात शिकलो आणि मीच तिला शिकवली. जोडणी करताना ज्याच्या त्याच्या आकृतीवरून भाग उचलायचा. आकृत्या रिकाम्या झाल्या की काही राहिले नाही, अशी खात्री पटते. बोल्ट, त्याची तांब्याची रिंग, फिल्टरचे झाकण, झाकणाचे बोल्ट, झाकणाची रबरी रिंग, स्प्रिंग. प्रत्येकाची आकृती कागदावर उमटली.

आणि तिथेच घात झाला. आमच्या गाडीत स्प्रिंग आणि फिल्टर यांच्यामध्ये बाटलीच्या झाकणाएवढी एक पातळ लोखंडी चकती असते. जाड तेलामुळे ती जुन्या फिल्टरच्या बुडाला चिकटून बाहेर आली. काळ्यावर काळे, तिला ती दिसली नाही. तिने फिल्टर थेट कचऱ्याच्या डब्यात टाकला. जी वस्तू कागदावर आलीच नाही, तिची आकृती कोण काढणार?

मला चकती दिसली. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले.

चकती नसेल तर इंजिन थांबत नाही, तेलही गळत नाही. स्प्रिंग फिल्टरच्या बुडात रुतते, फिल्टर नीट बसत नाही आणि तेल न गाळताच इंजिनात फिरू लागते. जागेवर चार मिनिटे चालवल्याने बिघडत नाही. चार महिने चालवले तर इंजिन आतून झिजते. मी मनाशी ठरवले : गाडी फाटकाबाहेर निघेपर्यंत बोलायचे नाही. पण चकतीशिवाय ती रस्त्यावर निघाली, तर मला बोलावेच लागेल. मग गाडी दुकानदाराची. इंजिन वाचवावे तर सुनेचे रुग्ण जातात, अशा कात्रीत मी सापडलो होतो. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली.

"खोकायचं नाही हं, बाबा," मुलगा म्हणाला. "इशारा धरला जाईल."

"पाणी तरी पिऊ दे त्याला," बहीण म्हणाली. "बघ, चेहरा कसा वांग्यासारखा झालाय."

सुनेने नवा फिल्टर बसवला. झाकणाची बैठक पुसून कोरडी केली, रबरी रिंगला तेलाचे बोट लावले, सगळे बोल्ट आधी हाताने आणि मग पान्याने बेताने आवळले. नरसाळ्यातून तेल ओतले, इंजिन चालू केले, बंद केले, तेल खाली उतरेपर्यंत थांबली आणि मग पातळी पाहिली. अगदी वरच्या खुणेला. कागदावरच्या साऱ्या आकृत्या रिकाम्या होत्या.

"हरलो बुवा," मुलगा म्हणाला आणि त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. "जा, एक फेरी मारून ये."

ती फाटक उघडायला वळली. माझे तोंड उघडलेच होते. पण ती थबकली. "थांब. जुना फिल्टर बघायचा राहिला."

"आता त्याचं काय बघायचंय? कचरा तो."

"लोखंडाचा कीस आलाय का ते बघायचं असतं. इंजिनाच्या पोटातलं त्यावरून कळतं."

तिने डब्यातून फिल्टर काढला, चिंधीने पुसला, उलटा केला. तिचे बोट बुडावर थांबले. नखाने तिने चकती सोडवली आणि उन्हात धरली. किल्ली अजून तिच्या दुसऱ्या हातात होती.

"ही आत हवी होती," ती म्हणाली. "चूक झाली माझी. परत उघडते."

"अगं, पण चालू झाली की गाडी!" मुलगा म्हणाला.

"चालू झाली म्हणून बरोबर झाली का?" तिने किल्ली त्याच्याकडे टाकली. "धर. काम झालं की दे. द्यावीशी वाटली तर."

तिने पुन्हा ट्रे सरकवला. दुकानदार ठरल्याप्रमाणे साडेदहाला आले, तेव्हा फिल्टरचे झाकण उघडे होते आणि ती कोपरापर्यंत तेलकट होऊन चकती स्प्रिंगवर बसवत होती.

"गाडी खोललीत?" ते दचकून म्हणाले. "काही मोठं काम निघालं का?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. "आता बोला, बाबा. पास की नापास?"

"मदत घेतली का तिने?" मी विचारले. इतक्या वेळाने माझा आवाज मलाच खरखरीत वाटला.

"नाही."

"मग झाले. चकती डब्यात जाताना मी पाहिली होती. माझ्या हाताखाली पुष्कळ कारागीर तयार झाले. बंद पडलेले यंत्र सगळेच उघडतात. चालू यंत्र स्वतःची चूक सापडली म्हणून आपण होऊन उघडणारी माणसे मला फार थोडी भेटली. त्यांतले एक आपल्या घरात आहे."

"म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं?" बहिणीने डोळे मोठे केले. "आणि तू गप्प बसलास? तू?"

"अट होती."

"मग ह्यालाही पास करा," ती सगळ्यांना म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा!"

सुनेने मान वर केली नाही. ती बोल्ट हाताने फिरवत होती, तिचे कान मात्र लाल झाले होते. मुलगा तिच्याशेजारी उकिडवा बसला, झाकण पुसायला चिंधी पुढे केली आणि दुकानदारांना म्हणाला, "माफ करा. तुम्हाला उगाच चालायला लावलं. गाडी विकायची नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेकडीपलीकडे तिने पाहिलेले रुग्ण : सात.