ज्या वर्षी मी विहीर होतो

खाट. सिटी बसची मागची सीट. तीन खिळे, त्यातला एक वाकडा. न्यायाधीशाचं आसन. चहाच्या कपाचे गोल डाग. हत्ती, पण फक्त पाठ. विहीर.

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, मित्रांनो, नाशिकच्या एका लहानशा नाटकमंडळीचा. वर दिलं ते माझं आयुष्य. क्रम मला लावता येत नाही. एकाच संध्याकाळी मी दोन-दोन वस्तू होतो.

ओझरच्या कारखान्यात कामाला असलेल्या जयरामने १९९१ साली पॅकिंगच्या जुन्या फळ्या आणल्या आणि भिमाजी सुताराने मला ठोकून तयार केलं. माझ्या अंगावर ‘ही बाजू वर’ सांगणारा बाण होता. मंडळींनी पहिल्याच नाटकात मला उलटं ठेवलं. तरी मी तक्रार केली नाही. पेटी म्हणून माझं काम केव्हाच संपलं होतं. यांनी मला पुन्हा कामाला लावलं.

मंडळीची एक रीत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळे तालमीच्या हॉलमध्ये जमतात आणि मला मधोमध ठेवतात. एकेकाने माझ्यावर बसून वर्षातली आपली एक चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आपलीच. आणि कारण सांगायचं नाही. मग मिसळ.

२००३ साली स्पर्धेच्या नाटकात मी पहिल्या अंकात खाट होतो आणि दुसऱ्या अंकात विहीर. मखमलाबादच्या मालनबाई त्यात आईचं काम करत. त्यांचा फुलांचा मळा होता. विहिरीपाशी उभं राहून त्यांनी बुडालेल्या मुलीला हाक मारायची होती. त्या आल्या, आणि विहिरीवर अगदी मधोमध बसल्या.

प्रेक्षागृह हसलं. त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला होता. मग त्या हळूच काठावर सरकल्या, वळल्या, माझ्यात खोल वाकून पाहिलं आणि हाक मारली. हसू थांबलं.

बक्षीस मिळालं नाही. मालनबाईंनी नाटकातलं लुगडं धुऊन, घडी करून परत आणून दिलं.

शेवटच्या रविवारी त्या आल्या, पण दाराशीच उभ्या राहिल्या. लाइट सांभाळणारी साधना चुकीचा खटका दाबल्याचं सांगून उठली. छायाने संवादांचं एक अख्खं पान गाळल्याचं सांगितलं. मग मालनबाई आल्या आणि माझ्यावर बसल्या.

“मी विहिरीवर बसले,” त्या म्हणाल्या. “पुढल्या वर्षी दुसरी बाई बघा.”

मित्रांनो, बारा वर्षं त्यांचा भार मी ओळखत होतो. तो आता कायमचा उठणार, असं मला वाटलं.

मग जयरामची पाळी आली. नाटक तोच बसवत असे. “लोक हसले तेव्हा मी विंगेतून पडदा पाडायला सांगितलं,” तो म्हणाला. “दोनदा. शेखरने दोरी सोडली नाही.”

मालनबाईंनी शेखरकडे पाहिलं. पडदा त्याच्याकडे असतो. तो म्हणाला, “बाई वळत होत्या ना. मी म्हटलं, बघू तरी.”

“म्हणजे तुम्ही मला अर्ध्यातून उठवणार होते?” मालनबाईंनी जयरामला विचारलं.

“हो.”

“मग आता नाय जात मी. तुमच्यावर ध्यान ठेवायला कुणीतरी पाहिजे.”

छायाला हसू आवरलं नाही. मग मिसळ आली. तिचा रस्सा माझ्यावरही सांडला, आणि मालनबाईंनी तो पदराने पुसला.

त्यानंतर मी पुष्कळ काही झालो. माझा एक कोपरा फुटला आहे. तरी मंडळी मला बाहेर पावसात ठेवत नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे: कुणी आपली चूक सांगायला आलं, तर त्याला आधी बसायला द्या.

विहिरीच्या प्रयोगाचा तो दिवस मार्गशीर्षातला गुरुवार होता, आणि मालनबाई पहाटे चारपासून फुलबाजारात उभ्या होत्या.