पुढच्या चाकांचा दांडा

मी एक दांडा बोलतोय. वीतभर उंचीचा, डोक्यावर काळी गोटी असलेला. हसनशेठच्या जीपमध्ये गिअरच्या मोठ्या दांड्याला खेटून मी उभा असायचो. मागची चाकं तर कुठल्याही मोटारीची फिरतात. मला मागं ओढलं की पुढचीही जोर लावायची. एवढंच माझं काम, पण त्याचा तोरा मोठा!

दुसरं महायुद्ध संपल्यावर आमची लष्करी जीप मुंबईला लिलावात निघाली. तिथला एक म्हातारा मेस्त्री सांगायचा, चारी चाकांना जोर देण्याची युक्ती काही लढाईत निघालेली नाही. हॉलंडात कुणी शर्यतीच्या मोटारीवर ती चाळीस वर्षं आधीच करून पाहिली होती. ते ऐकून मी फुगलो. मग रोह्याजवळच्या अष्टमी गावचे भाताचे व्यापारी हसनशेठ आम्हाला घेऊन आले आणि माझा फुगा फुटला. रोहा, पेण, परत रोहा. सडकेवर मला कोण विचारतो? इंजिन चालू झालं की मी नुसता खडखडत राहायचो. ज्याला कधी बोलावणंच येत नाही, त्याला स्वस्थ बसवत नाही हो.

ड्रायव्हर केरू मात्र भला माणूस. रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचा. "तुझा बी दिस येल," म्हणायचा.

एका वर्षी केरू गणपतीला गावी गेला. तेवढ्यात पेणच्या कुणा शहाण्यानं शेठना सांगितलं, पुढचा शाफ्ट काढून ठेवा, पेट्रोल कमी जाईल. हा शाफ्ट म्हणजे पुढच्या चाकांपर्यंत जोर नेणारी लोखंडी नळी. शेठनी तो काढला. बरं, काढला तर काढला, जपून ठेवावा की नाही? तो त्यांनी धरमतर बंदराजवळच्या आपल्या वखारीला बाहेरून अडसर म्हणून घातला, वर कुलूप ठोकलं. केरूला सांगायचं राहून गेलं. मला तर कोण सांगणार!

आश्विनात शेठच्या मुलीला, आमनाला, मुंबईच्या इस्पितळातून पत्र आलं. नर्सच्या शिक्षणाला जागा मिळाली होती, पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा दुसरीला. आणि इकडे चुलत्यानं तिच्यासाठी स्थळ पाहून ठेवलेलं. तिची आई नूरबानो तिला म्हणाली, "जा गो. मागं वळून बघू नको." शेठचं मन नव्हतं, पण सोडायला निघाले.

मुंबईची लाँच धरमतरहून भरतीला सुटायची. ओहोटी लागली की धक्क्यापाशी गाळच गाळ. अर्ध्या मैलावर धक्का दिसत होता आणि तिथंच घात झाला. आदल्या उधाणाचं पाणी बांधावरून रस्त्यावर आलं होतं. मागची चाकं चिखलात रुतली.

"आला रं तुझा दिस!" म्हणत केरूनं मला ओढलं. मी जीव खाऊन मागं सरलो, खटकन बसलो. आणि काहीच झालं नाही. पुढची चाकं ढिम्म. केरूनं पुन्हा ओढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केरू खाली वाकला. उठला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "शेठ, शाफ्ट कुठं हाय?"

शेठनी मान वळवली. "वखारीच्या दाराला."

वखार धक्क्याच्या वाटेवरच होती, हाकेच्या अंतरावर. तिच्यापुढं मात्र पाणी ओढीनं वाहत होतं, पायी जाणं शक्य नव्हतं. आमना खाली उतरली. "चावी द्या, अब्बा."

"अडसर काढलास तर वखार उघडी पडंल. वर्साचं भात हाय आत." शेठचा आवाज खाली आला. "फुडल्या वर्सी जा, पोरी."

"फुडल्या वर्सी मी कुनाच्या घरात असेन, तुमाला ठाव हाय."

शेठनी कमरेची चावी सोडली. आमना चपला हातात घेऊन चिखलातून धावली आणि खांद्यावर शाफ्ट टाकून परत आली. केरू गाडीखाली चिखलात उताणा पडून बोल्ट आवळत होता, शेठ स्वतः पाने देत होते. तिकडे लाँचचा भोंगा वाजला.

या खेपेला मला ओढलं ते आमनानं. पुढची चाकं थरथरली, चिखल उडाला, जीप वर आली! आमना लाँचवर चढली तेव्हा तिच्या खांद्यावर ग्रीसचा काळा डाग होता. वखारीत शेळ्यांनी पोटभर भात खाल्लं, पण शेठनी कुणाला बोल लावला नाही.

पुढे जीप भंगारात गेली. केरूनं मला तेवढं काढून आमनाला आणून दिलं. आता ती रोह्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालीय आणि मी तिच्या अष्टमीच्या घरात खिडकीला टेकू म्हणून उभा आहे.

परवा तिचा मुलगा जमाल कुवेतहून आला. म्हणाला, "अम्मी, तिकडं आता घरगुती मोटारींनाबी चारी चाकांचा जोर असतो. जर्मन हायत, जपानी हायत. काहींना तर दांडाच नाय. सगळं आपोआप."

मी मनात म्हटलं, झालं, आपली जातच संपली.

आमनानं मला हातात घेतलं, पदरानं पुसलं. "ह्यो ओढला नि काय झालं नाय, तवा कळलं शाफ्टच नाय ते. म्हनून धावले. आपोआप असतं तर गाडीतच बसून र्‍हायले असते."

तिनं मला पुन्हा खिडकीत उभं केलं. कुंडलिका नदीवरून वारा सुटला की मी अजून खडखडतो. सवय जात नाही. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी उभा असेल, तर वेळ यायच्या आधी एकदा ओढून बघा. आणि नुसताच हलला, तर त्याच्यावर चिडू नका. काय नाही ते आणायला धावा.