नणंदेलाच हाक मारणारा आत्मा

सेमिसीच्या कबरीभोवती अख्खं गाव चटया टाकून बसलं होतं. राजधानीहून आलेल्या मोसेसेबुवाने सकाळभर कबरीवर ठेवलेला बोटभर रेकॉर्डर उचलला आणि डोळे मिटले.

"भाऊ बहिणीला हाक मारतोय! 'सेला' म्हणतोय. कान द्या!"

खरखर झाली. त्यातून आलं, "से... ला..."

बायांनी हंबरडा फोडला. मी मात्र नणंदेकडे, सेलाकडे, रोखून पाहिलं. सेमिसी माझा नवरा. जिवंतपणी रविवारचं पहिलं ताट बहिणीकडे पाठवायचा. मेल्यावर हाकही तिलाच?

"रक्त ते रक्त, लाविनिया," नणंद म्हणाली.

"हो वन्सं, मी तर चूल फुंकायलाच आले होते."

बुवाने पुन्हा बटण दाबलं. "आता 'सिउ' म्हणतोय. सिउला सेलाच्या घरी द्या, अशी त्याची इच्छा!"

सिउ माझी धाकटी लेक. सेलाला मूलबाळ नाही. आमच्या टोंगा बेटांवर भावाच्या घरात बहिणीचा शब्द मोडत नाहीत. गाव माना डोलवू लागलं.

मी तडक कालिसी मास्तरणीकडे गेले. तिच्याकडे तसलाच स्वस्तातला रेकॉर्डर होता, चर्चच्या गाण्यांसाठी.

"यातून माझ्या नावाची हाक काढून दे."

ती हसली. "काढते की."

दुसऱ्या दिवशी दुपारी कबरीपाशी तिने आपला रेकॉर्डर लावला आणि सगळ्यांना सांगितलं, "सेमिसी 'लाविनिया' म्हणतोय, ऐका." खरखरीतून माझं नाव आलं! मला रडू फुटलं. सेला ताडकन उठली, "खोटं! तो तिला कशाला हाक मारेल?"

"खोटंच आहे," कालिसी म्हणाली. "हा रेकॉर्डर मी रात्रभर माझ्या डुकरांच्या गोठ्याजवळ ठेवला होता."

मग तिने बुवाच्या हातातला रेकॉर्डर घेतला आणि त्यातला काल न ऐकवलेला भाग, काहीच न सांगता, एकेकाला ऐकवला. कुणाला 'केळी' ऐकू आलं, कुणाला नुसता वारा.

"अविश्वासाने आत्मा रुसतो!" बुवा ओरडला.

"रुसू दे. हे यंत्र तोंडाजवळचं बोलणं झकास टिपतं. लांबच्या आवाजाचा मात्र लगदा करतं. शांतता झाली की आपोआप थांबतं, आवाज आला की चालू होतं, म्हणून वाऱ्याचे तुकडे शब्दांसारखे जोडले जातात. शब्द बुवा आधी सांगतो, आपला कान तो त्यात भरतो."

बुवाने काढता पाय घेतला. सेलाने कबरीवर हात टेकला. "म्हणजे मला हाक मारलीच नाही त्याने?"

"मलाही नाही, वन्सं."

आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. सिउ माझ्याच घरी राहिली.

बाबांनो, मेलेल्या माणसाची आठवण जरूर काढा. पण काय ऐकायचं हे जो आधीच सांगतो, त्याला आधी गप्प बसवा आणि मगच कान द्या.